वांग्यातले आजोबा

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं नुसते वाचत आलोय. कधी आपल्यावर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, कारण या बाबतीत मी पलीकडच्या बाजूचा माणूस. कराडला मंडईच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं झाली. 'फोटोत कायतरी आलंय' म्हणून घाबरून माझ्याकडं आलेली कितीतरी माणसं मी चहा पाजून घरी पाठवलीत. नवरीच्या मागं उभी असलेली पांढरी बाई म्हणजे खिडकीच्या काचेवर पडलेला फ्लॅश. पाळण्यावरचा धूर म्हणजे थंडीत लेन्सवर धरलेला ओलावा. एकांनी तर फोटोतल्या भिंतीवर पंजा उमटलाय म्हणून घर बदलायचं ठरवलं होतं... तो पंजा फोटो काढणाऱ्याच्याच हाताची सावली होती. तेव्हा मी सहजासहजी गार पडणाऱ्यातला नाही, एवढं आधी लक्षात घ्या.

आणखी एक सांगायला हवं. मी चेहऱ्यांच्या धंद्यातला आहे. माणूस गेला की घरचे लोक लग्नाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा घेऊन येतात आणि म्हणतात, यातनं एक मोठा फोटो करून द्या. मी मिटलेले डोळे उघडतो, वाढलेली दाढी काढतो, अंगात कोट घालतो. कराड, पाटण, इस्लामपूर भागात घराघरांत हार घातलेले जे फोटो आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगातला कोट एकच आहे—माझ्या कॉम्प्युटरमधला.

आणि माझ्याच आईकडं तिच्या वडिलांचा फोटो नव्हता.

आईचे वडील वाळवा तालुक्यातले, कृष्णेच्या काठच्या एका गावातले. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन गेले तेव्हा आई पोटात होती. बेळगावातनं त्यांचं एक पत्र आलं होतं, की वर्दीवर फोटो काढलाय, सुट्टीला येताना घेऊन येतो. सुट्टी मिळालीच नाही. ते इटलीत लढताना गेले, आणि फोटोही कुठं गेला कुणाला माहीत नाही. पुढं आई सहा वर्षांची असताना तिची आईही गेली. मामांच्या घरी वाढली. वडील कसे दिसायचे हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं, आणि विचारावं एवढी मोकळीकही नव्हती.

मी स्टुडिओ टाकला त्या दिवशी पूजेला आलेली माणसं जाईपर्यंत आई स्टुलावर बसून राहिली होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "विलास, ज्याचा फोटोच नाही त्याचा फोटो करता येतो का रं?" मी नवा-नवा धंदेवाला. म्हणालो, कायतरी लागतं गं, निदान एक डोळा तरी. तिनं मान हलवली आणि परत कधी विचारलं नाही. ते उत्तर मी जरा जास्तच तोऱ्यात दिलं होतं, असं मला नंतर बरेच वेळा वाटलंय.

आता मूळ गोष्ट. मागच्या हिवाळ्यातली.

माझी मुलगी ऋतुजा कराडजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या वर्गातली पोरं दुपारच्या खिचडीतली भाजी वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायची. तिनं सांगून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली. मग एक दिवस माझ्याकडं आली, की बाबा, मला भाज्यांचे तक्ते करून द्या, पण प्रत्येक भाजीला माणसाचं तोंड पाहिजे. काढलेलं कार्टून नको, खरं तोंड. पोरांना वाटलं पाहिजे की दोडका आपल्याकडं बघतोय.

मला काम आवडलं. तीस वर्षं मेलेल्यांना कोट घालणाऱ्या माणसाला दोडक्याला डोळे लावायला मिळाले तर तो नाचेलच. पण चेहरे आणायचे कुठनं? गिऱ्हाइकांचे वापरले तर भांडणं. म्हणून घरातलेच घेतले. बहीण मंगल इस्लामपूरला असते, तिचे यजमान गोल चेहऱ्याचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला भोपळा करा, आणि जरा मोठा करा. ऋतुजा गाजर झाली. खाली टेलरचं दुकान आहे, त्या टेलरनं स्वतः वर येऊन दोडक्यासाठी फोटो काढून घेतला. फक्त माझ्या बायकोनं, शोभानं, साफ नकार दिला. माझं तोंड ज्या भाजीला चिकटवाल ती भाजी तुम्हीच शिजवायची, म्हणाली. मी विषय सोडला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाजीचा चांगला फोटो काढायचा. माणसाच्या फोटोतले डोळे, नाक, तोंड वेगवेगळे कापून त्यावर ठेवायचे, एकेक वेगळ्या थरावर. त्याला आम्ही लेयर म्हणतो. मग कडा विरघळवायच्या, कातडीचा रंग काढून टाकायचा, म्हणजे भाजीचा रंग आणि भाजीच्याच रेघा त्या नाका-डोळ्यांतनं वर येतात. उजेड दोन्हीकडं एकाच बाजूनं पडलेला पाहिजे. ते जमलं की कोबी हसायला लागतो. नाही जमलं तर कोबीवर स्टिकर लावल्यासारखं दिसतं.

अकरा भाज्या झाल्या. बारावं वांगं राहिलं. कृष्णाकाठचं ताजं वांगं होतं, काटेरी देठाचं, जांभळ्यावर पांढुरक्या रेघा असलेलं. देठाची हिरवी टोपी एका बाजूला कललेली. माणसं मात्र संपली होती. मग मी म्हटलं, याला कुणाचंच एकाचं तोंड नको, मिसळ करू. ऋतुजाचे डोळे घेतले. मंगलचं नाक घेतलं. भुवया आईच्या—तिच्या भुवया अजून काळ्याभोर आणि दाट आहेत. तोंड माझंच, पण आत्ताचं नाही. माझा चोवीस-पंचवीस वर्षांचा असतानाचा एक फोटो आहे, मिशा राखलेला, दात दाखवून हसतोय, तो स्कॅन करून त्यातलं घेतलं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि चहाच्या वेळेपर्यंत वांगं झालं. खरं सांगतो, आधीच्या अकरांपैकी एकाही भाजीला एवढा कमी वेळ लागला नव्हता. डोळे ठेवले ते बसलेच. नाक ठेवलं, हलवावं लागलं नाही. शोभा चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघून म्हणाली, हा कोण? मी म्हटलं, वांगं. ती म्हणाली, ते दिसतंय, पण हा कोण? मी हसलो. ती काही हसली नाही, कप ठेवून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, चांगला माणूस दिसतोय.

तक्ते शाळेत लागले. पोरांनी भोपळ्याला 'काका' आणि वांग्याला 'फौजी' असं नाव ठेवलं—ती देठाची टोपी तिरकी होती ना, म्हणून. ऋतुजानं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. पोरं आता फौजीला खायचं की नाही यावर भांडतात म्हणे. खातात मात्र. बारा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि दोन दिवस 'कोण कोणती भाजी' एवढाच धंदा चालला.

तिसऱ्या दिवशी प्रकाशचा फोन आला.

प्रकाश म्हणजे आईच्या आत्याचा नातू. आईची ही आत्या—सोनाआत्या—तिच्या वडिलांची धाकटी बहीण. विट्याच्या पुढं एका गावात दिली होती, अजूनही तिथंच असते. नव्वदी कधीच ओलांडली. कान जरा जड झालेत, पण आदल्याच वर्षी मिरजेला दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि तेव्हापासून ती सगळ्या जगाच्या चुका काढते असं प्रकाश म्हणतो. तिचं आमच्याकडं येणं-जाणं कमीच. आई मामांकडं वाढल्यामुळं वडिलांच्या बाजूशी संबंध राहिला तो लग्नापुरता, आणि अलीकडं या ग्रुपपुरता.

प्रकाश म्हणाला, "अण्णा, त्या वांग्याचं काय केलंय तुमी? म्हातारी मोबाइल देत न्हाई."

झालं होतं असं, की त्यानं गंमत म्हणून आजीला भाज्या दाखवल्या. भोपळ्याला ती हसली. वांग्याला हसली नाही. मोबाइल हातात घेतला, पदरानं पुसला, आणि म्हणाली, ह्यो आमचा दादा हाय. प्रकाशला वाटलं म्हातारीचं कायतरी बिनसलं. त्यानं समजावलं की हे कॉम्प्युटरवर केलेलं वांगं आहे. ती म्हणाली, वांगं मला बी दिसतंय, पर ह्यो दादा हाय. सकाळपासनं मोबाइल उशाखाली. प्रकाशची पोल्ट्री आहे, सगळा व्यवहार फोनवर, त्यामुळं तो अगदी काकुळतीला आलेला.

मी त्याला समजावलं तेच इथं लिहितो, कारण इथवर मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. आईच्या वडिलांना मूल एकच, ती आई. आईची मुलं मी आणि मंगल. माझी मुलगी ऋतुजा. वांग्यावरचा प्रत्येक अवयव त्याच एका माणसाच्या रक्तातला. बायकोनं नकार दिल्यामुळं बाहेरचं काही त्यात आलंच नव्हतं. चार जणांत वाटला गेलेला चेहरा योगायोगानं परत एकत्र आला असेल. विलक्षण आहे, पण अमानवीय नाही. बारशाला माणसं म्हणतातच की, नाक आज्याचं घेतलंय.

आईला सांगावं की नाही हे मात्र कळेना. एक्याऐंशी संपलेलं, बीपीची गोळी चालू. शेवटी शोभानंच सांगितलं, भाजी निवडता निवडता, अगदी साधेपणानं. आईनं हातातली मेथी खाली ठेवली आणि मला म्हणाली, दाखव. मी मोबाइल दिला. आईनं तो फोटो आधी ग्रुपवर पाहिला होता, हसलीही होती. आता चष्मा लावून बघितला. थोड्या वेळानं विचारलं, रविवारी गाडी मोकळी आहे का.

माझ्यातला शंकेखोर माणूस गप्प बसेना. म्हातारीला टोपीवरनं वाटलं असेल, मिशीवरनं वाटलं असेल. म्हणून मी एक केलं. त्याच वांग्यावर, त्याच टोपीखाली आणखी पाच चेहरे केले. एकात मंगलचे डोळे आणि ऋतुजाचं नाक, एकात माझेच डोळे, असं अदलाबदल करून. तोंड सगळ्यांत तेच ठेवलं. शनिवारचा पहिला आणि हे पाच, असे सहाही फोटो एकाच आकारात छापून घेतले. शोभानं ते बघितले आणि विचारलं, "आत्यांची परीक्षा घ्यायला चाललाय का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बघा हं, नापास तुम्ही व्हाल.

रविवारी नाष्टा करून निघालो—आई, मी, शोभा. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रखडत कडेगाव गाठलं, पुढं रस्ता मोकळा. आई मागं बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पिशवी. पिशवीत काय म्हणून विचारलं तर वांगी. आत्याला काय न्यायचं हे तिला सुचेना, म्हणून नदीकाठची वांगी घेतली होती. शोभा इतकी हसली की आईलाही हसू आलं, आणि मग विट्यापर्यंत आम्ही तिघंही मधेच कधीतरी हसत होतो.

सोनाआत्या अंगणात कडुलिंबाखाली खाटेवर बसली होती. लहानखुरी, कपाळावर गोंदण, डोळ्यांत ऑपरेशननंतरची चकाकी. आई वाकली तर तिनं दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरला आणि भुवयांवरनं अंगठा फिरवला. एवढंच. मग मला म्हणाली, "तूच का रं त्यो वांगीवाला?"

चहा झाला. मी सहा फोटो खाटेवर मांडले, आणि मनातल्या मनात जरा लाजलोही. म्हटलं, आत्या, यातला कुठला? तिनं एकदा फोटोंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मला खुळी समजतूस व्हय?" ती म्हणाली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. बाकीचे पाच पत्ते टाकावेत तसे बाजूला सारले.

चौथाच पहिला होता. शोभानं माझ्याकडं बघायचं टाळलं.

मी तरी विचारलं, बाकीच्यांत काय चुकलंय? मला वाटलं डोळे म्हणेल, नाक म्हणेल. तिनं तोंडावर बोट ठेवलं. "ह्यो दात बघ की."

मी वाकून बघितलं. वरचा पुढचा दात, डाव्या बाजूचा. त्याचा खालचा कोपरा तुटलेला होता. नखाएवढाही नाही, पण स्पष्ट, तिरका तुटलेला. बाकीच्या पाच फोटोंत तोच दात अख्खा.

मंडळी, फोटोतले दात नीट करून मी पोट भरतो. लग्नाच्या अल्बमात नवऱ्याचा पिवळा दात मला लांबनं दिसतो. हा तुटका दात मी केला नव्हता, आणि इतके दिवस मला दिसलाही नव्हता. तोंड माझं होतं, आणि माझे दात आजही धड आहेत.

आत्या मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. ती आईशी बोलत होती, आणि हळू बोलत होती, म्हणून आम्ही सगळे जवळ सरकलो.

"त्यो दात म्या मोडला," ती म्हणाली. "आठ-नऊ वर्साची आसंन मी. दादा मला विटी मारायला शिकवत हुता. पोरीला कशाला शिकवतूस म्हनून आबा वरडायचा, तरी शिकवायचा. माझी विटी उडाली ती नीट त्येच्या तोंडावर. रगत बघून मी रडाय लागली, तर मलाच म्हनला, गप, कुनाला सांगू नगं. घरात त्येनं सांगितलं का बैलाच्या जूवर आपटलो. शेवटपातुर त्येनं माझं नाव घेतलं न्हाई. म्या बी कुनाला बोलली न्हाई... आज बोलतीया."

मग आईनं विचारलं, "आत्ती, ते असे दिसायचे?"

"असंच," आत्या म्हणाली. "फकस्त जांभळा न्हवता."

आणि दोघी हसायला लागल्या. नव्वदीपलीकडची ती आणि ऐंशीपलीकडची ही, एकमेकींचे हात धरून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. हसण्यातलं पाणी कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर दुपारभर आत्या सांगत होती आणि आई ऐकत होती. दादा जेवताना गुणगुणायचा, त्यावरनं शिव्या खायचा. दादाला म्हशीची भीती वाटायची. दादा भरतीला गेला ते लाजत, बायकोला सांगायला बहिणीलाच पाठवलं. आईला एका दुपारी तिच्या वडिलांची इतकी माहिती मिळाली, जितकी मला माझ्या वडिलांची चाळीस वर्षं एका घरात राहून नव्हती.

संध्याकाळी घरी आलो आणि कपडेही न बदलता स्टुडिओत गेलो. शोभाही आली. माझी कामाची मूळ फाईल उघडली, जिच्यात प्रत्येक अवयव वेगळ्या लेयरवर असतो. तोंडाच्या लेयरवर दात अख्खा. माझा जुना फोटो काढला, तिथंही अख्खा. वांग्याचा नुसता फोटो बघितला, की बाबा त्या जागी सालीवर ओरखडा असेल, पांढरी रेघ असेल, ती वर आली असेल. साल गुळगुळीत. मग त्या मूळ फाईलवरनं त्या शनिवारी तयार केलेला फोटो, जो शाळेत गेला आणि ग्रुपवर गेला, तो उघडला. दात तुटका. त्याच फाईलवरनं परत फोटो तयार केला. अख्खा. पाच वेळा केला, पाचही वेळा अख्खा. शोभा शेजारी उभी राहून मोजत होती.

ओळखीतला एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, त्याला दाखवलं. त्यानं बरंच बघून सांगितलं की सेव्ह होताना कधी कधी फाईलमध्ये गडबड होते, चार ठिपके इकडचे तिकडं होतात. होत असेल. मी त्याला नाही म्हणालो नाही. मी स्वतः तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय. फक्त ते चार ठिपके नेमके त्याच दाताच्या त्याच कोपऱ्यावर, आणि दिसायलाही तुटल्यासारखेच का झाले, हे मी त्याला विचारलं नाही. तो दात माझ्या ऐकण्यात असेल म्हणावं, तर ती गोष्ट आईलाही माहीत नव्हती. जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि ती विट्याच्या पुढं ऐंशी वर्षं गप्प होती.

आता पुढची गंमत. आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "विलास, बाबांना त्या वांग्यातनं बाहेर काढ की." रास्त मागणी होती. आता तर माझ्याकडं एकच काय, दोन्ही डोळे होते. मी बसलो. वांग्यावरचा चेहरा उचलला, माणसाच्या रंगात आणला, खाली वर्दी दिली, डोक्यावर टोपी दिली, मागं निळा पडदा दिला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जीव ओतून केलेलं काम. दातही तुटकाच ठेवला. आई बघून म्हणाली, छान आहे... पण हा तूच आहेस. खरंच मीच दिसत होतो, वर्दी घालून नाटकात उभा राहिल्यासारखा. आत्याला पाठवला. प्रकाशनं निरोप दिला, म्हातारी म्हणते ह्यो कोन आगाव? मी नाक जरा बदललं, उजेड बदलला, काळा-पांढरा केला, जुना पिवळट केला. आठवडाभर रोज एक पाठवत होतो, आणि रोज आत्याचा निरोप यायचा, न्हाई. शेवटी तिनं प्रकाशकडनं फोन लावून घेतला आणि मला स्वतः सांगितलं, की बाळा, कशाला तरास घेतूस, त्यो वांग्यातच बरा हाय.

तर आमच्या बाहेरच्या खोलीत आता सागवानी चौकटीत वांगं आहे. चांगल्या जाड कागदावर मोठं छापून घेतलंय. हार घालायचा का यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, हसणाऱ्याला हार कशाला? म्हणून नाही घातला. दुसरी प्रत विट्याच्या पुढं आत्याच्या खाटेसमोर लागली आहे. नवीन पाहुणा आला की आधी त्या फोटोकडं बघून हसतो. मग आई शांतपणे सांगते, हे माझे वडील. पाहुण्याला हसू आवरावं की नमस्कार करावा कळत नाही. आई त्याची थोडा वेळ मजा बघते आणि मग स्वतःच हसते. शाळेतला तक्ता मी बदलून देऊ का म्हणून ऋतुजाला विचारलं होतं. आई नको म्हणाली. तिच्या म्हणण्याप्रमाणं तिच्या वडिलांना पोरांत राहायला आवडलं असतं.

इथले काही वाचक म्हणतील, हा अनुभव भीतीदायक नाही. नाहीच आहे. मला एक क्षणही भीती वाटली नाही, आणि आजही तो फोटो मूळ फाईलशेजारी उघडून मी अधूनमधून बघतो. एकात अख्खा दात, एकात तुटका. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कराडला यावं, मी दोन्ही फाईल दाखवीन, चहाही देईन. फोटोत भूत दिसतंय म्हणून येणाऱ्यांना मात्र मी हल्ली लगेच परत पाठवत नाही. आधी विचारतो, कुणासारखं दिसतंय?

राहता राहिली आई. 'बाबा' ही हाक तिनं जन्मात कुणाला मारलेली नव्हती. मारायला कुणी नव्हतंच. परवा सकाळी मी आत चहा पीत होतो, आणि बाहेरच्या खोलीतनं तिचा आवाज आला. नेहमीचा, घाईतला.

"बाबा, मंगलकडं जाऊन येते. उशीर झाला तर राहीन."

मग चपला घातल्याचा आवाज आला, आणि दार ओढून घेतल्याचा.